तिसऱ्या मजल्यावरची पस्तीस मिनिटं

बाबा, तुमच्या पोटात रक्त सापडलं होतं, हे मला तुम्ही गेल्यानंतर अकराव्या दिवशी कळलं. तोवर मी इतर मुली रडतात तशी रडत होते. त्या दिवसापासून रडणं बाजूला राहिलं.

पोलीस ठाण्यातून फोन आला की शवविच्छेदनाचा अहवाल आलाय, प्रत घेऊन जा. मी ठाणे शहरातल्या टेंभी नाक्यावरच्या माझ्या घरातून निघून डोंबिवलीला आले. हवालदारांनी दोन पानं पुढे केली. मी 'हृदय' हा शब्द शोधत वाचत गेले आणि मध्येच अडकले. बरगड्या दोन्ही बाजूंनी मोडलेल्या. छातीच्या मधल्या हाडाला तडा. यकृत डाव्या बाजूला फाटलेलं. पोटाच्या पोकळीत रक्त. आणि शेवटी, मृत्यूचं कारण या शब्दांपुढे लिहिलेलं, की नमुने तपासणीला पाठवलेत, मत राखून ठेवलं आहे.

"हे लिव्हर कसं फाटलं?" मी विचारलं.

"ते आता डॉक्टरच सांगणार, मॅडम."

"पण ते तर हार्ट अटॅकने गेले ना?"

"तसंच म्हणत होते," हवालदार म्हणाले.

म्हणत होते म्हणजे कोण? एकटे म्हात्रेकाका. तुमच्या शेवटच्या अर्ध्या तासात तुमच्याजवळ दुसरं कुणीच नव्हतं.

तुम्ही त्यांच्या घरात पडलात, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. सहा वर्षं ज्यांच्याशी तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात, ज्यांचं नाव न घेता 'तो तिसऱ्या मजल्यावरचा' म्हणायचात, त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या लाद्यांवर. तुमचं घर पाचव्या मजल्यावर. मग तिसऱ्यावर तुम्ही काय करत होतात?

तुम्हीच मला असं विचारायला शिकवलंत. वजनमापे खात्यात तुम्ही निरीक्षक होतात आणि घरातही तुमची नोकरी सुटत नसे. मी आठ वर्षांची असताना तुम्ही मला मासळीबाजारात न्यायचात आणि कोळणीने पापलेट पारड्यात टाकायच्या आधी माझ्या कानात विचारायचात, "काटा शून्यावर आहे का बघ." बिचाऱ्या कोळणीचा काटा नेहमी शून्यावरच असायचा. आई म्हणायची, या माणसाला देव भेटला तरी आधी त्याचं ओळखपत्र मागेल. आई गेल्यावर तुम्ही पुस्तकात बघून स्वयंपाक शिकलात, चमच्याने मोजून मीठ घालायचात आणि मला रोज संध्याकाळी सातला फोन करायचात. मी ठाण्याला या म्हणायचे. "तुझ्याकडे मला लक्ष ठेवायला काही नाही," हे तुमचं उत्तर. हे भांडण आपलं अर्धवटच राहिलं.

म्हात्रेकाका मात्र एके काळी तुमचे एकमेव मित्र होते. आपली बिल्डिंग त्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात त्यांना तिसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं आणि ते मानपाड्याच्या कारखान्यात नोकरी करत तिथेच राहिले. तुम्ही रिटायर झाल्यावर दोघं रोज संध्याकाळी चालायला जायचात. ते तुम्हाला 'साहेब' म्हणायचे, तुम्ही त्यांना 'बाळाराम'. मग काकूंना पॅरालिसिस झाला. त्यांना पडल्या पडल्या रस्ता दिसावा म्हणून काकांनी बाल्कनीची ग्रिल हातभर बाहेर काढली, वर पत्रा टाकला आणि आत त्यांची खाट लावली.

तुम्ही म्हणालात, बेकायदा आहे. त्यांना दोनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा पालिकेत अर्ज केलात.

तो अर्ज मी टाइप केला होता, बाबा. माझ्या लॅपटॉपवर, एका रविवारी, जेवण झाल्यावर. मी एकदाच म्हणाले, "काकू तिथे झोपतात हो." तुम्ही म्हणालात, "तू फक्त टाइप कर." मी केलं. पंधरा दिवसांत पालिकेची माणसं आली आणि सगळं तोडून गेली. काकूंची खाट आतल्या खोलीत गेली, जिथून फक्त भिंत दिसते. त्या संध्याकाळी काका आपल्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, अजून एकदा बोलला असतास तर मीच तोडला असता." तुम्ही दार लावून घेतलंत.

म्हणून अकराव्या दिवशी तो अहवाल हातात आला तेव्हा मला कारण शोधावं लागलं नाही. कारण मीच टाइप केलेलं होतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी ऑफिसात होते. पावणेबाराला काकांचा फोन आला, "वैशू, बाबा पडलेत, हॉस्पिटलात नेतोय, तू ये." मी पोचले तेव्हा डॉक्टरांनी 'आणण्यापूर्वीच मृत' असं लिहून टाकलं होतं. काका बाकावर बसलेले. शर्ट घामाने भिजलेला, उजवं मनगट सुजलेलं. तुमच्या शर्टाची सगळी बटणं तुटलेली होती. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी लय दाबला, वैशू. लय दाबला." मला काही समजलं नाही. तिथे हवालदारांनी सगळ्यांना विचारतात तसं मला विचारलं, कुणावर संशय आहे का. मी नाही म्हणाले.

अकराव्या दिवशी तेच मनगट, तीच बटणं, तेच 'लय दाबला' मला वेगळं दिसायला लागलं.

मी सोसायटीच्या गेटवरचं कॅमेऱ्याचं चित्रण मागून घेतलं. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन अकरा दहाला आत आलात. चालणं नेहमीपेक्षा सावकाश, पण चेहरा शांत. लिफ्ट दुरुस्तीला म्हणून बंद होती, जिन्याकडे वळलात. मला फोन आला पावणेबाराला. मध्ये पस्तीस मिनिटं. त्या पस्तीस मिनिटांसाठी मी एकेक दार वाजवत फिरले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाकीच्यांच्या घरी दिवसा कुणी नसतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई घरी होत्या.

"काही ऐकलंत का त्या दिवशी?"

"ऐकलं ना," त्या म्हणाल्या. "आधी काहीतरी जड सरकवल्याचा आवाज. मग वर आपटल्यासारखं होत होतं. बराच वेळ."

"किती वेळ?"

"माझा कुकर होऊन गेला तरी चालू होतं. आणि म्हात्रे ओरडत होते. भांडणात ओरडतात तसं."

"काय ओरडत होते?"

"शब्द नाही कळले गं. मला वाटलं, यांच्या घरातलं काहीतरी असेल, आपण कशाला जा."

मी तिथूनच पोलीस ठाण्यात गेले आणि सांगितलं की आता माझा संशय आहे. बाळाराम म्हात्रे यांच्यावर. जुनं वैर आहे, अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. मला वाटलं, तुम्हीही हेच केलं असतं.

काकांना दोन दिवस पोलीस ठाण्यात बोलावलं. सकाळी दहाला जायचे, दुपार टळेपर्यंत बसायचे. मी पुरवणी कागद द्यायला गेले तेव्हा ते भिंतीशी बाकावर बसलेले दिसले, मांडीवर घरच्या चाव्या. मला बघून उठले, आणि पुन्हा बसले. बोलले एवढंच, "काकूला दुपारचं भरवायला कोन नाय. खालच्या बाईला सांगशील?" मी मान हलवली. सांगितलं की नाही ते विचारू नका. सांगितलं, पण संध्याकाळी.

त्यांच्या फोनवर अकरा एकोणीसला अँब्युलन्सला केलेला कॉल होता. अँब्युलन्सवाल्यांनीही ती वेळ खरी म्हणून सांगितली. सबइन्स्पेक्टर मला म्हणाले, "मॅडम, मारणारा माणूस नऊ मिनिटांत अँब्युलन्स बोलावतो का?" मी म्हणाले, "मारून घाबरलेला बोलावतो." ते म्हणाले, "तुम्ही एकदा पोस्टमॉर्टेम केलेल्या डॉक्टरांना भेटा. त्यांनी परवानगी दिली आहे."

त्या डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांच्यावरही माझा विश्वास नव्हता. मी वही काढली, प्रश्न लिहून नेलेले. त्यांनी मला बसवलं आणि आधी स्वतःच विचारलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या का त्यांना?"

"हो. स्टेंट टाकल्यापासून."

"ज्यांच्या घरी पडले त्यांनी छाती दाबली होती ना? सीपीआर दिला होता?"

"तसं ते म्हणतात."

"तसंच झालेलं आहे," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या छातीवर मधोमध तळवा ठेवून दाखवलं. हृदय बंद पडलं की इथे दोन्ही हातांनी जोराने दाबत राहतात. दोन इंच तरी आत जायला हवं, नाहीतर रक्त पुढे सरकत नाही. एवढ्या जोराने म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतातच, ते नेहमीचं आहे. पण या हाडाच्या खालच्या टोकामागेच यकृताचा डावा भाग असतो. कधीतरी, फार क्वचित, तोही दाबाखाली फाटतो. प्लीहा फाटलेली, जठर फाटलेलं असंही एखाद्या केसमध्ये दिसतं. "मी स्वतः यकृत फाटलेलं हे दुसऱ्यांदा बघतेय."

"आणि पोटात कुणी लाथ मारली असेल तर?"

त्यांना राग आला नाही. "तर बाकी कुठेतरी दिसलं असतं. पोटाच्या स्नायूंत मार, हातावर अडवल्याच्या खुणा, तोंडावर, पाठीवर काहीतरी. इथे सगळं छातीच्या मधोमध आहे, दोन्हीकडे सारखं. आणि रक्त पेलाभर. या गोळ्या चालू असताना, हृदय धडधडत असताना यकृत फाटलं असतं ना, तर पोट भरून गेलं असतं." त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. "नमुन्यांचा रिपोर्ट काल आला. हृदयाच्या मुख्य नळीत ताजी गुठळी आहे. आधी हृदय थांबलं. थांबलं म्हणून दाबलं. दाबलं म्हणून फाटलं. याचा क्रम उलटा लागत नाही."

मी वहीतला शेवटचा प्रश्न विचारला. "त्यांचे हात चुकीच्या जागी होते का?"

"हात जरा खाली सरकले तर ही शक्यता वाढते. पण जागेवर असले तरी होतं. एकटा माणूस वीस मिनिटं दाबत असेल तर हात सरकणारच. त्या वेळी कुठे होते ते मी सांगू शकत नाही, कुणीच नाही सांगू शकत."

"त्यांनी दाबलं नसतं तर?"

"तर आशाच नव्हती."

खरं सांगू, बाबा? मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. हॉस्पिटलच्या बाहेर उसाच्या रसाच्या गाडीशी मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. गेले दोन आठवडे माझ्याकडे काम होतं. वेळा जुळवायच्या, माणसांना गाठायचं, तुमच्या वतीने भांडायचं. त्या संशयात तुम्ही होतात, माझ्या बाजूला उभे राहून पुढचं विचार म्हणत होतात. आता विचारायचं काही उरलं नाही आणि तुम्ही खरोखर गेलात.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन नवा जबाब लिहून दिला. कुणावर संशय नाही. सबइन्स्पेक्टर म्हणाले, होतं असं, घरच्यांचं. ते दयाळूपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

मग मला तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं. दोन रविवार गेले. मी पाचव्या मजल्यावर तुमची कपाटं आवरायला येत होते आणि लिफ्टने सरळ वर जात होते. तिसऱ्या रविवारी दुपारी जिन्याने गेले.

काकांनी दार उघडलं आणि ते बाजूला झाले. हॉलमध्ये टीपॉय अजून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. जड आहे, शिसवी. ते सरकवल्याचा आवाज खालच्या बाईंनी ऐकलेला.

"काका, मी चुकले," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सगळं सांगितलं."

"बस."

पाणी आणलं. उजव्या मनगटाला अजून क्रेप बँडेज होतं. समोर बसले आणि त्यांनी जे विचारलं त्याची मी तयारी केलीच नव्हती.

"पोलीस बोलले, लिव्हर फाटलेला. माझ्या हातान् फाटला का?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मना कंपनीत शिकवलेला," ते म्हणाले. "सेफ्टीवाले दर साली यायचे, प्लास्टिकचा पुतला घेऊन. तीस वेळा दाबायचा, मोठ्यान् मोजायचा. मी मोजत व्हतो. एक ते तीस, परत एक ते तीस. खऱ्या मानसावर कधी केला नव्हता गं. हाड मोडल्याचा आवाज आला तवा मी थांबलेलो. मग अँब्युलन्सच्या फोनवरची बाई बोलली, थांबू नका, थांबू नका." सोफ्यावरची उशी त्यांनी मांडीवर ओढली आणि तिच्यावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवले. "हितं ठेवलेले हात. का हितं? तू सांग. मना आठवत नाय."

मी त्या हातांकडे बघत राहिले. उशीला छाती नसते आणि पोटही नसतं. ते हात कुठे होते म्हणायचे?

"डॉक्टर म्हणाल्या, हात जागेवर असले तरी असं होतं," मी म्हणाले. "आणि म्हणाल्या, तुम्ही दाबलं नसतं तर आशाच नव्हती."

हात खाली सरकले तर शक्यता वाढते, हे वाक्य मी गाळलं. बाबा, तुम्हाला ते चाललं नसतं. तुमच्यासमोर आयुष्यात मी कधी अर्धं सांगितलं नाही, सांगायची हिंमतच नव्हती. काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना कळलं असावं की काहीतरी गाळलंय. त्यांनी उशी परत जागेवर ठेवली आणि विचारलं नाही.

मग मी माझं विचारलं. "बाबा तुमच्याकडे का आलेले?"

"बेल वाजली. उघडला तर साहेब. पांढराफटक. पिशवी हातात. मना वाटला, परत काय तक्रार. तर बोलला, 'बाळाराम, जरा बसू दे.'"

"असं म्हणाले? नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"हे तुम्ही जबाबात का नाही सांगितलं?"

"कोनाला सांगू? त्यांना वेळ पायजे व्हती, आकडा पायजे व्हता. आनि तुला सांगितला असता तर तू काय बोलली असतीस? बनवून सांगतो बोलली असतीस." त्यात राग नव्हता. "सहा वरसांनी मानूस दारात आला, बसू दे बोलला, आनि मी काय बोललो नाय. फकस्त खुर्ची पुढं केली. ये साहेब, बोलायला पायजे व्हता. एवढाच दोन शब्द. वाटला, बसेल, पानी पिईल, मंग बोलू. त्यान् पानी घेतला नाय. तसाच खाली कोसळला."

खुर्ची त्यांनी मला दाखवली. साधी प्लास्टिकची, दाराजवळची.

तुम्ही खरंच तसं म्हणालात का? दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं दार ओलांडून तुम्ही वर गेलात, त्या घरी होत्या, तुम्हाला माहीत होतं. छातीत कळ तिसऱ्या मजल्यावरच आली असेल. काकांना ते दाबायचं शिकवलेलं आहे, हे तुमच्या लक्षात असेल. किंवा समोर दिसली ती बेल दाबली असेल. किंवा सहा वर्षं कुठल्यातरी निमित्ताची वाट बघत असाल आणि मला कधी कळू दिलं नसेल. आता संशय घ्यायला तुम्हीच उरलात माझ्याजवळ. आणि काकांनी हे माझ्यासाठी रचलं असेल, हेही माझ्या मनात येऊन गेलंय. मी तुमचीच मुलगी आहे.

ऐकणारं तिसरं माणूस त्या दिवशी घरात होतं. आतल्या खोलीचं दार हॉलमध्येच उघडतं आणि काकूंचे कान चांगले आहेत, बोलताही येतं, सावकाश. काका चहा टाकायला गेले तेव्हा मी आत गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला बघून हसल्या, अर्ध्या चेहऱ्याने. एक वाक्य विचारलं असतं तर कळलं असतं.

मी त्यांना विचारलं, पाय दुखतो का. त्या म्हणाल्या, थंडीत दुखतो. मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं, काकांनी दिलेला चहा त्यांच्या खाटेशी बसून प्यायले आणि वर तुमच्या घरी गेले.